कुठेही चालतं, मामा!

माझ्या भाच्याच्या मते जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर डॉकर हेच आहे. हिंजवडीत तो दिवसभर तेच करतो आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकला की तिथून फोनवर मला ते करायला लावतो. आमचा प्रश्न तसा साधा होता. आमच्या लग्नाची व्हीसीडी, मुलांचे वाढदिवस, मोबाइलमधले व्हिडिओ हे सगळं एका जागी यावं आणि आईला हॉलमधल्या टीव्हीवर दिसावं. बायको म्हणाली, "पेन ड्राइव्ह लाव ना." भाचा म्हणाला, "मामा, जेलिफिन टाक. डॉकरवर. कुठेही चालतं."

जेलिफिन ही चीज मात्र छान आहे. एम्बी नावाच्या मीडिया सर्व्हरने, म्हणजे घरातले व्हिडिओ टीव्ही-फोनवर पुरवणाऱ्या प्रोग्रॅमने, आपला सोर्स कोड बंद केला, तेव्हा २०१८च्या डिसेंबरात काही मंडळी जुना मोकळा कोड घेऊन वेगळी निघाली आणि त्यांनी हे उभं केलं. फुकट, जाहिराती नाहीत, आपल्या घरातलं आपल्या घरात. तक्रार असेल तर ती फक्त 'कुठेही' या शब्दाबद्दल.

डॉकर कुठलाही प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या डब्यात घालून चालवतं. हा कंटेनर म्हणजे पेइंग गेस्ट. गादी, उशी, बादली, भांडीकुंडी सगळं स्वतःचं घेऊन येतो, तुमच्या कपाटाला हात लावत नाही, फक्त गॅस तुमचा वापरतो. हा गॅस म्हणजे कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. गोम अशी, की जेलिफिनसारख्या पाहुण्याला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचाच गॅस लागतो. २०१३ साली डॉकर आलं ते लिनक्स कर्नलमध्ये आधीच असलेल्या नेमस्पेस आणि सीग्रुप या, प्रोग्रॅमना वेगळं ठेवून ज्याचा-त्याचा वाटा ठरवणाऱ्या सोयींच्या जिवावर. विंडोज आणि मॅकच्या घरात तो गॅसच नाही. मग तिथे आधी आभासी यंत्राची एक खोली बांधायची, तिच्यात लिनक्स बसवायचं आणि तिथे पाहुण्याला उतरवायचं. डॉकर डेस्कटॉप हे सगळं गुपचूप करतं म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. जेलिफिनच्या कागदपत्रांत तर स्वच्छ लिहिलंय, की विंडोज आणि मॅकवर डॉकरमधून चालवणं शक्य आहे, पण आम्ही त्याची जबाबदारी घेत नाही. हे मी भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, ते असंच लिहितात."

सुरुवात मुलाच्या विंडोज लॅपटॉपवर केली, कारण तो घरात होता आणि मुलगा क्लासला गेला होता. डॉकरला काय हवं ते एका वायएएमएल फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. या फाइलला ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते, आणि डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. मधल्या सुट्टीत वह्या तपासणाऱ्या बाईसुद्धा एवढ्या कडक नसतील. फोल्डरचा पत्ता देताना डावीकडे बाहेरचा, मध्ये कोलन, उजवीकडे आतला असा द्यायचा. त्यात विंडोजच्या 'डी' ड्राइव्हच्या पत्त्यात आधीच एक कोलन! एवढं सगळं पार पाडून जेलिफिन उघडलं, तर त्याला 'डी' ड्राइव्ह दिसेचना. दिसणार कसा? तो आत बसलेला. त्याच्यापुरतं जग म्हणजे आपण उजवीकडे लिहिलेलं 'मीडिया' हे फोल्डर.

पहिला मान आमच्या लग्नाच्या व्हीसीडीला दिला. तिच्यात 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर असतं आणि त्यात 'डॅट' शेपटाची फाइल. शेपूट बदलून 'एमपीजी' केलं आणि लग्न लागलं. ३५२ बाय २८८ पिक्सेलचं चित्र. त्यात अक्षता कुठल्या आणि कॅसेटवरून उतरवताना आलेले दाणे कुठले, हे ओळखता येत नाही. आईला टीव्हीवर बघायचं होतं, तर भाचा म्हणाला, "ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ८०९६ टाक." टीव्हीत टाकलं. टीव्ही बिचारा स्वतःच्याच पोटात शोधत बसला, कारण त्याच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. लॅपटॉपचा १९२ने सुरू होणारा आकड्यांचा पत्ता रिमोटच्या बाणांनी एकेक करून भरेपर्यंत आईचा जप आटोपला होता.

पण विंडोजवर खरी गंमत वेगळीच. भाचीने पाठवलेला बारशाचा व्हिडिओ मी फोल्डरमध्ये टाकला आणि लायब्ररीत तो येण्याची वाट बघत बसलो. येईना. विंडोजच्या ड्राइव्हवर नवी फाइल आली, तरी तिची वर्दी आतल्या लिनक्सपर्यंत पोचत नाही. लगेच दिसायला हवं, तर हाताने 'स्कॅन' दाबून सांगावं लागतं, की अहो, घरात बाळ आलंय. शिवाय डब्ल्यूएसएल हे विंडोजच्या पोटातलं लिनक्स मुकाट्याने राहत नाही. आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर मशीनची निम्मी रॅम स्वतःची समजतं. आठ जीबीच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजरमध्ये 'व्हीएममेम' नावाचं काहीतरी ठिय्या देऊन बसलेलं मुलाने पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, माझा गेम अडकतोय. तुमचं लग्न काढा इथून."

काढलं. मुलीच्या मॅकबुक एअरवर नेलं. इथे फोल्डर वगैरे सरळ झालं आणि मी जरा सैलावलो. तेवढ्यात आईने बारशाचा व्हिडिओ लावला. तो आयफोनवर काढलेला, फोर-केमध्ये आणि एचईव्हीसी पद्धतीने दाबून भरलेला. आमचा टीव्ही फुल एचडीच्या जमान्यातला, त्याला एचईव्हीसी कळत नाही. अशा वेळी सर्व्हर चालता-चालता व्हिडिओ टीव्हीला समजेल अशा एच-२६४मध्ये बदलून देतो. या ट्रान्सकोडिंगसाठी मॅकच्या चिपमध्ये फर्स्टक्लास सोय आहे. पण ती मॅकसाठी. आभासी खोलीत बसलेल्या पाहुण्याला ती मिळत नाही. त्याने मग सगळं काम निव्वळ सीपीयूवर उपसलं. एम-चिपच्या एअरला पंखाच नसतो, त्यामुळे तो घरघरत नाही, नुसता तापतो. पाळण्यापाशी बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या वाकली, तिथेच गोल फिरणारं चक्र आलं. बाळाचं नाव काय ठेवलं ते आईला भाचीकडे फोन करून विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीच लागेना. आईने हाक मारली, "अरे, झालं काय?"

"सर्व्हर कॉलेजला गेलाय, आई."

शेवटी माळ्यावरचा जुना डेस्कटॉप उतरवला. सातव्या पिढीचा इंटेल आय-थ्री. त्यावर लिनक्स घातलं. इथे गॅस घरचाच, पण लिनक्सचा स्वभाव जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा. फाइल वाचायची? 'परमिशन डिनाइड.' तुम्ही कोण? लिनक्सवर माणसाला नाव असून भागत नाही, आकडा लागतो. पहिल्या वापरकर्त्याचा साधारणपणे १०००. कंटेनरमधला माणूस आणि फोल्डरचा मालक यांचे आकडे जुळले, तरच आत प्रवेश. ते जुळवले. मग व्हिडिओ बदलून देणाऱ्या ग्राफिक्स चिपचा रस्ता कंटेनरला मोकळा करून दिला. त्याचं नाव 'रेंडर-डी-१२८', यापुढे ते मी झोपेतसुद्धा सांगेन. आणि काय सांगू, तेच फोर-के बारसं लोण्यासारखं चाललं! सीपीयू जेमतेम जागा. आईला बाळाचं नाव त्याच्याच व्हिडिओतून ऐकू आलं. ते आम्हाला फोनवर सांगितलेल्यापेक्षा जरा वेगळंच निघालं, पण तो विषय भाचीच्या सासरचा.

मग गुरुवारी लाइट गेली.

लाइट आल्यावर डेस्कटॉप आपोआप सुरू झाला, डॉकर उठलं, जेलिफिन उठलं. लायब्ररी मात्र रिकामी! लग्न नाही, बारसं नाही, मुलांचे वाढदिवस नाहीत. सगळा संसार पुसलेला. घडलं असं, की व्हिडिओ यूएसबीच्या बाहेरच्या ड्राइव्हवर, आणि तो जोडला जायच्या आत कंटेनर उठून बसला होता. फोल्डरच्या जागी त्याला काहीच आढळलं नाही, आणि डॉकरला जागेवर फोल्डर नसेल तर ते तत्परतेने नवं कोरं रिकामं फोल्डर तयार करून देतं. ड्राइव्ह नंतर जोडला गेला, तरी आतल्या पाहुण्याला ते कळत नाही. तो त्या रिकाम्या फोल्डरकडेच बघत बसतो, त्याला हलवून पुन्हा उठवेपर्यंत. त्या सकाळी आमच्या घरात जी शांतता होती ती मी लिहून सांगू शकत नाही. बायको फक्त एवढंच म्हणाली, "पेन ड्राइव्ह आहे कपाटात."

आता 'आधी ड्राइव्ह, मग डॉकर' असा क्रम लावून दिला आहे आणि इन्व्हर्टरची एक वायर डेस्कटॉपला दिली आहे. पंखा बंद राहिला तरी चालेल, जेलिफिन चाललं पाहिजे.

हे सगळं ऐकून न्यू जर्सीतला मेहुणा म्हणाला, "दाजी, मलाही लिंक द्या ना, ताईचं लग्न बघतो." भाचा लगेच पुढे सरसावला. पण आमच्या ब्रॉडबँडवर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बरीच घरं बसवलेली असतात. बाहेरून कुणी दार वाजवलं, तर ते नेमकं कुणाचं हे कंपनीलाच ठाऊक. त्यावर उपाय आहेत. भाच्याने लगेच एक सुचवला, आणि तोही डॉकरवरच. मी ऐकून घेतलं आणि व्हीसीडीची फाइल व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवून दिली. दोन जीबीपर्यंत जाते. आमचं अख्खं लग्न त्याच्या निम्म्यातसुद्धा बसतं.

रात्री मेहुण्याचा मेसेज आला, "दाजी, बघितलं. यात ताई कुठेय? नुसती पंगतच आहे."