वेफर्सचे पाकीट आणि पेज
मुलांचे वाढते वजन हा केवळ सुखवस्तू घरांचा प्रश्न आहे, हे मुलांच्या लठ्ठपणावरील आपल्या लेखातील विधान आपल्याकडे बऱ्याच अंशी खरे असले, तरी पुरेसे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. त्याच वेळी ३२.१ टक्के मुले कमी वजनाची होती. श्रीमंत देशांत लठ्ठपणा गरीब घरांत अधिक आढळतो, आणि आपणही त्याच वाटेने निघालो आहोत की काय, अशी शंका मला आमच्या देवगड तालुक्यातील वाडीत येते. उकड्या तांदळाची पेज आणि सुकटीची चटणी खाऊन शाळेत येणाऱ्या मुलांच्या दप्तरात आता पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट असते, कारण आई सकाळी लवकरच काजूच्या कारखान्यात किंवा आंब्याच्या बागेत कामाला गेलेली असते आणि बांगडा (समुद्र दारात असूनही!) दर आठवड्याला परवडेलच असे नाही. अशा मुलाचे पोट सुटलेले दिसते, दंड मात्र काडीसारखे असतात. त्याच्या आईला सकस आहाराचे धडे देण्याआधी तिच्या मजुरीचा आणि कामाच्या वेळांचा विचार लेखात यायला हवा होता.