थंडीत बाईक वळवायचे ‘पाच नियम’: एकेक करून बघूया

थंडी पडली की दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो, थंडीत बाईक वळवायचे पाच नियम. टायरची हवा पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी करा, निघाल्यावर नागमोडी चालवून टायर गरम करा, वळणात पुढच्या ब्रेकला हात लावू नका, क्लच दाबून वळण घ्या, आणि बाईक झोपवू नका, नुसतं हँडल फिरवा. नवीन शिकलेली मुलं हे खरं मानून तसंच करतात, म्हणून लिहितोय.

हवेचं आधी. ट्रॅकवर प्रेशर कमी ठेवतात हे खरंय, पण तिथे टायर वॉर्मर लावून तापवलेले असतात आणि पळताना अजून तापून प्रेशर वाढतं. रस्त्यावर तसं होत नाही. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधलं प्रेशर साधारण दीड पीएसआय आपोआपच घटतं, म्हणजे दुपारी भरलेली हवा पहाटे आधीच कमी, त्यात तुम्ही अजून पाच काढली की पुढचं चाक जड होतं आणि बाईक हँडलचं पटकन ऐकत नाही. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरसाठीचाच असतो, तेवढीच ठेवा, आणि मोजायची ती सकाळी गाडी काढायच्या आधी.

नागमोडी चालवून टायर फारसा तापत नाही. तो दबतो-सुटतो त्याने आतून तापतो, आणि ते सरळ रस्त्यावर हळूहळू पिकअप घेऊन, मग नीट ब्रेक लावून जास्त चांगलं होतं. शिवाय ज्या टायरला अजून पकड आलेली नाही त्याच्यावर बाईक डावी-उजवी पाडायची कशाला? सुरुवातीचे काही किलोमीटर आरामात जा, आणि मध्ये बराच वेळ थांबलात तर परत पहिल्यापासून.

पुढच्या ब्रेकचा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि पुढचा टाळून तुम्ही नेमका त्याच हलक्या चाकाचा ब्रेक दाबताय, तेही थंड टायरवर, मग ते लॉक होऊन मागचा भाग बाहेर सरकतो. खरी भीती पुढच्या ब्रेकची नाही, तो एकदम खेचण्याची आहे. वळणाआधी, बाईक सरळ असतानाच दोन्ही ब्रेकने स्पीड उतरवा, पुढचा लिव्हर हळूहळू दाबत न्या म्हणजे वजन पुढच्या टायरवर बसायला वेळ मिळतो, आणि सोडतानाही तसाच हळूहळू सोडा.

क्लच दाबून वळण घेतलं की इंजिन ब्रेक, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला धरून ठेवतं ते, जातो आणि वळणात क्लच सोडलात तर मागच्या चाकाला झटका बसतो. गियर वळणाआधी टाका, आत अगदी हलका, एकसारखा ॲक्सिलरेटर ठेवा, बस.

आता झोपवायचं. अगदी हळू चालवतानाचं सोडलं तर बाईक वळते ती कलूनच, त्याला पर्याय नाही, डावीकडे जायचं तर डावी ग्रिप पुढे ढकलावी लागते. किती कलायचं ते मात्र स्पीडवर ठरतं. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ५० च्या स्पीडला साधारण ३३ अंश कलावं लागतं, ४० ला २३. नुसते १० किलोमीटर कमी केले तर एवढा फरक! शिवाय खांदे आणि डोकं थोडं वळणाच्या आतल्या बाजूला नेलं की बाईक अजून उभी राहते.

आणि मेसेजमध्ये हाताचा विषयच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. १० अंश तापमानात ६० ने जाताना उघड्या कातडीला ५ अंशांसारखं लागतं. बोटं बधिर झाली की लिव्हर किती दाबला गेला तेच कळत नाही, खांदे आखडतात, कोपरं ताठ होतात आणि मग एक हात ढकलतोय तर दुसरा नकळत अडवतोय, बाईक वळत नाही म्हणून माणूस अजून घाबरून आवळतो. वारा अडवणारे पण लिव्हर जाणवेल असे ग्लोव्हज घाला, वळणाआधी कोपरं मुद्दाम सैल सोडून बघा, आणि बोटं कळेनाशी झाली तर गाडी बाजूला घेऊन हात गरम करूनच पुढे निघा.