पॉपुच आणि पायपोस

हंगेरीतल्या सेगेड शहरातल्या प्रयोगशाळेत रुजू होऊन तीन महिने झाले होते. सोमवारच्या बैठकीत आज इंग्रजी नाही, मग्यारमध्येच, म्हणजे हंगेरियन भाषेतच बोलायचं, असं मी ठरवून गेले. (आपण मग्यार लिहितो, ते लोक म्हणतात मॉद्यॉर.) माझं काम जवाच्या रोपांवर. पाण्याचा ताण पडला की खोड आखूड का राहतं, हा प्रश्न. खोडाला शब्द ‘सार’, त्यातला आ चांगला लांबवून. मी घाबरून तो आखडता घेतला, आणि या भाषेत आ आखडला की त्याचा ऑ होतो. ‘सॉर’ म्हणजे शी. तेव्हा जवाची शी दुष्काळात किती मिलिमीटरने आखूड होते हे मी तक्त्यासकट समजावून सांगितलं. कुणी हसलं नाही. आमच्या प्रमुखबाईंनी चष्मा काढून बराच वेळ पुसला, एवढंच.

शाळेत ऱ्हस्व-दीर्घासाठी माझे गुण हमखास जायचे. मराठीत लिहिताना आपण भेद करतो, बोलताना फारसा करत नाही, त्यामुळे तो पाठ करावा लागतो. इथे तो कानाला ऐकू येतो आणि चुकलात तर अब्रू जाते. दोन वर्षांत माझं मराठी शुद्धलेखनही सुधारलं, ते कसं कोण जाणे.

भाषा मी वर्गात कमी आणि शेजारच्या नेनींकडे जास्त शिकले. ‘नेनी’ म्हणजे आपली मावशी. नात्यातली असायलाच हवी असं नाही, नावापुढे लावायचं. तसेच ‘बाची’ म्हणजे काका. नेनी माझ्याशी ‘ते’ने बोलतात, मी त्यांना ‘मॉगॉ’ म्हणते, आणि नगरपालिकेच्या खिडकीवरचा माणूस आम्हा दोघींना ‘ओन’ म्हणतो. तू, तुम्ही, आपण. इंग्रजीतून येणाऱ्यांना हे तीन पायऱ्यांचं प्रकरण कळायला वर्ष जातं. मला एक संध्याकाळ लागली. विभक्तीचंही तसंच. ‘हाझ’ म्हणजे घर, ‘हाझ्बॉन’ म्हणजे घरात. प्रत्यय शब्दाला चिकटतो, आणि शब्दातल्या स्वरांप्रमाणे ‘बॉन’चा ‘बॅन’ होतो. वर्गातला आयरिश मुलगा अठरा विभक्त्या मोजून हवालदिल झाला होता. ‘घरापाशी’, ‘घरावरून’, ‘घरापर्यंत’ हे सगळं जन्मापासून एका शब्दात म्हणणाऱ्या माणसाला त्यात काय नवल? शिवाय आडनाव आधी, नाव मागून. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. अडचण वेगळीच निघाली. या भाषेत लिंगच नाही. माणूस तो असो की ती, एकच सर्वनाम. शेजारच्या टेबलावरची सहकारी चार महिने घरच्या जोडीदाराबद्दल रोज काहीबाही सांगत होती आणि तो आहे की ती, याचा मला पत्ता नव्हता. त्यांना कधी तो प्रश्नच पडला नाही.

पहिल्या दिवशी नेनींनी दार उघडलं आणि पहिला शब्द काढला तो ‘पॉपुच’. बाहेरचे बूट काढायचे आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता घालायच्या. मी थबकले. पायपोस! कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, त्यातला. शब्द मूळचा फारसी. तुर्कांबरोबर तो डॅन्यूबपर्यंत आला आणि बुदा शहर १५४१ ते १६८६ तुर्कांकडे होतं त्या काळात इथे रुळला. आपल्याकडे तो दख्खनच्या दरबारांतून आला. बायकोच्या धाकातल्या नवऱ्याला इथे ‘पॉपुचफेर्य’ म्हणतात, पायपोस-नवरा. आपल्या बाईलबुद्ध्यापेक्षा मला हा जास्त आवडतो. तुर्कांशी झालेल्या मोहाचच्या लढाईत १५२६ साली राजा गेला, राज्य गेलं. आजही कुणाचं पाकीट हरवलं, पेपर अवघड गेला की माणसं खांदे उडवून म्हणतात, मोहाचला याहून जास्त गेलं होतं. पानिपत बोलण्यात घेऊन फिरणाऱ्या माणसाला या समाजाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

तिखटाचीही लागत नाही. सेगेडचं मासळीचं कालवण आमच्या कोल्हापूरच्या तांबड्या रश्शाइतकं लाल असतं, आणि बॉयॉ गावचे लोक त्यात शेवया घालतात म्हणून इथले त्यांना नावं ठेवतात. मला हे अगदी घरचं वाटतं. बोलीचंही तसंच. सेगेडकर ‘ए’च्या जागी ‘ओ’सारखा स्वर काढतात, स्वतःच्या शहराला ‘सोगेद’ म्हणतात, आणि राजधानीत गेलं की लोक त्यावरून चिडवतात. पुण्यात शिकायला गेले तेव्हा ‘काय करालीस?’ ऐकून मैत्रिणी हसायच्या. नेनींना हे सांगितलं तर त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मुद्दाम आणखी ठसक्यात सोगेदी बोलल्या.

आता मुद्द्याकडे येते. २०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये तो मऊ केला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. त्याच पावसाळ्यात मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराच्या कानशिलात बसल्या. माझ्या शाळेच्या ग्रुपवर तेव्हा दोन तट पडले आणि दोघांनीही मला साक्षीला ओढलं. “तू सांग, तिकडे त्यांची भाषा आल्याशिवाय तुला कुणी उभं करतं का?”

नाही करत, खरंय. पण मारतही नाही. मी मग्यार शिकले कारण वीजबिल, दवाखाना, भाडेकरार, नळदुरुस्तीवाला, सगळं त्याच भाषेत आहे आणि तिथे दुसरी वाटच नाही. आणि हे असं आपोआप झालेलं नाही. १७८४ साली व्हिएन्नाहून राज्य करणाऱ्या सम्राट दुसऱ्या जोसेफने हंगेरीचा कारभार जर्मनमधून करायचा हुकूम काढला. तोवर तो लॅटिनमध्ये चालायचा आणि कुणाची फारशी तक्रार नव्हती. जर्मनचा हुकूम आला आणि सगळ्यांना आपली भाषा आठवली. १७९०मध्ये मरणापूर्वी त्याला माघार घ्यावी लागली. इथवरची गोष्ट आपल्या जूनसारखीच आहे.

फरक त्यानंतरचा आहे. हुकूम मागे गेल्यावर ही माणसं विजयी मेळावा घेऊन घरी गेली नाहीत. काझिन्त्सी फेरेन्त्स हा लेखक आणि त्याच्या सोबत्यांनी हजारो नवे शब्द घडवले. जुन्या वळणाच्या लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. त्यांतले कित्येक शब्द मेले आणि कित्येक इतके रुळले की आज ते घडवलेले आहेत हे सांगावं लागतं. १८२५मध्ये सेचेनी इश्तवान या उमरावाने विद्वत्सभा स्थापण्यासाठी आपल्या जहागिरीचं वर्षाचं उत्पन्न देऊ केलं. कायद्याने मग्यार राजभाषा झाली ती १८४४ला, म्हणजे काम आधी आणि कायदा नंतर. रेल्वेला हे लोक ‘वॉशूत’ म्हणतात, लोखंडाची वाट. आपल्याकडेही लोहमार्ग आहे, पण तो पोलिसांच्या पाटीवर. संगणकाला त्यांचा शब्द ‘हिशेबयंत्र’, इस्पितळाला ‘रोगघर’. ऐकायला ओबडधोबड, पण त्यावर हसणारं इथे कुणी भेटत नाही. आपण ‘अभियांत्रिकी’ म्हणतानाही स्वतःशीच हसतो.

आमच्या शहरातच सेंत-द्यॉर्द्यी ऑल्बर्त या शास्त्रज्ञाने ढोबळ्या मिरचीच्या जातभाईतून, म्हणजे पाप्रिकातून, क जीवनसत्त्व वेगळं काढलं. १९३७चं नोबेल त्याला मिळालं. २०२३चं नोबेल मिळवणाऱ्या कॉरिको कॉतॉलिन इथल्याच विद्यापीठात शिकल्या. लहान गावातल्या खाटकाची मुलगी, सगळं शिक्षण मातृभाषेत. पुढे अमेरिकेला गेल्या, इंग्रजीत निबंध लिहिले, ते वेगळं. ग्रुपवरचा एकजण छातीठोकपणे म्हणाला होता, “विज्ञान मराठीत होऊच शकत नाही.” हंगेरीची लोकसंख्या एक कोटीही भरत नाही. २०११च्या जनगणनेत मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. संख्येचं रडगाणं तरी आपण गाऊ नये. हंगेरी स्वतंत्र देश आहे आणि महाराष्ट्र एक राज्य, ही सबब मी मानते. पण आपल्या मुलाला मराठी शाळेत घालू नका असं दिल्लीने कुणाला सांगितलं होतं? ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा दोन्ही तट एकदम गप्प झाले. दोन्हीकडची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर मंडळींनी लेख पुढे पाठवला असता. पण गोष्ट तिथे थांबत नाही. जर्मनविरुद्ध उभ्या राहिलेल्या याच लोकांच्या हातात सत्ता आली तेव्हा त्यांनी स्लोवाक, रुमानियन, सर्ब मुलांना मग्यार सक्तीची केली. १८७९चा शाळा-कायदा, मग १९०७चा शिक्षणमंत्री ऑपोन्यी ऑल्बर्तचा कायदा: चौथीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला मग्यारमध्ये लिहिता-बोलता आलंच पाहिजे. मुलं मग्यार झाली नाहीत, त्यांचे आईबाप मात्र कायमचे दुरावले. महायुद्ध हरल्यावर १९२०मध्ये पॅरिसला हंगेरीची बाजू मांडायला हाच ऑपोन्यी गेला, आणि तिथे तो फ्रेंच, इंग्रजी आणि इटालियनमध्ये बोलला. उपयोग झाला नाही. ४ जूनच्या त्रियानों तहाने देशाची दोन तृतीयांश भूमी गेली. तह नुसत्या भाषेमुळे झाला असं म्हणणं बाळबोध ठरेल, पण भाषेच्या छडीने एकही मित्र राहिला नव्हता हे खरं. सीमेपल्याडची लाखो मग्यार मुलं आता अल्पसंख्य झाली. २००९मध्ये स्लोवाकियाने भाषेच्या कायद्यात दंडाची तरतूद केली तेव्हा नेनी तावातावाने चिडल्या होत्या असं त्यांची मुलगी सांगते. मी त्यांना १९०७बद्दल विचारलं. “ते वेगळं होतं,” त्या म्हणाल्या, आणि कॉफी ठेवायला उठल्या.

मीरा रोडच्या त्या दुकानदाराने मराठी शिकायला हवी की नको? हवी. तिथे धंदा करतो, तर हवीच. पण ज्या दिवशी त्याचा घाऊक व्यापारी, बँकेतला साहेब आणि गिऱ्हाईक म्हणून आलेलं मराठी कुटुंब त्याच्याशी आधी मराठीत बोलेल, त्या दिवशी तो माझ्यासारखाच चुकतमाकत शिकेल. आपण दुकानात शिरताच “भैया, कितने का दिया?” म्हणतो आणि नंतर त्याच्या कानशिलात देतो.

गेल्या शरदात नेनींचा नामदिवस होता. इथे वाढदिवसाइतकाच हा दिवस मानतात. पंचांगात प्रत्येक तारखेला नावं छापलेली असतात. फुलं घ्यायला मॉर्श तेरच्या बाजारात गेले. फुलवाले आजोबा सावळे, रोमा समाजाचे, म्हणजे शतकांपूर्वी भारतातून युरोपात आलेल्यांचे वंशज. मलाही इथे पुष्कळदा रोमाच समजतात, आणि मी भारतीय असल्याचं कळलं की चेहरे निवळतात. त्या निवळण्याची मला शरम वाटते. आजोबांनी विचारलं, कुठली? म्हटलं, भारत. त्यांनी हात वर केला आणि एकेक बोट मिटत मोजलं: “येक, दुय, त्रिन, श्तार, पांज.” मग कानाला हात लावून “कान”, नाकाला लावून “नाख”, आणि स्वतःच्या छातीवर तळवा ठेवून “मनुश”. हजारो मैलांवर, परक्या भाषेच्या बाजारात, माणूस.

हंगेरीतल्या बहुतेक रोमांची मातृभाषा आज मग्यारच आहे. जर्मनचा हुकूम काढणाऱ्या त्याच जोसेफने आदल्या वर्षी, १७८३मध्ये, रोमांच्या भाषेवर बंदी घातली होती. १७८४ मला तिघाचौघांनी सांगितलं होतं. १७८३ मी स्वतः शोधून काढलं.

भेटीची फुलं इथे विषम संख्येत द्यायची. सम ती थडग्यासाठी. मी आजोबांना म्हटलं, पांज. ते खुदकन हसले आणि शेवंतीची पाच फुलं निवडू लागले. शेजारी उभ्या नातवाने कानातली वायर काढली, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि आजोबांना मग्यारमध्ये विचारलं, “किती म्हणाली ती?”