आईची माळ आणि तो मेसेज

राखेच्या बुधवारी आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो. त्यानंतर तिसऱ्या दिवशी आईचा वसईहून फोन आला. एरवी ती आधी मुलांची चौकशी करते. त्या दिवशी एकदम म्हणाली, "तुझ्या पप्पांना पेटीत ठेवलं तेव्हा हातात माळ गुंडाळली होती ना आपण? ते चुकलं का रे?"

पप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. हा प्रश्न आता कुठून निघाला ते कळायला मला दहा मिनिटं लागली. आमचे एक नातेवाईक हल्ली वेगळ्या प्रार्थनागटात जातात. त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप गटात एक लांबलचक मेसेज टाकला होता. नंतर तोच मेसेज मला ऑफिसातल्या मित्राकडून आला आणि गोव्याच्या वहिनीकडूनही. त्यात लिहिलंय की ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ बायबलमध्ये नाही, तो बाबेलच्या तम्मूज देवासाठीचा चाळीस दिवसांचा शोक आहे आणि रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने तो चर्चमध्ये घुसवला. कपाळाला राख लावणं येशूने मना केलंय. मांस वर्ज्य करणं ही भुतांची शिकवण. रोजरी, म्हणजे माळेवर म्हणायची प्रार्थना, ही पोकळ बडबड. आणि शेवटी: मरिया म्हणजे यिर्मया संदेष्ट्याने धिक्कारलेली 'आकाशाची राणी', तिची माळ हातात घेऊन मरणारा सरळ नरकात जातो.

त्या शेवटच्या वाक्याने आईची झोप उडवली. त्या रात्रीपासून तिने माळ हातात घेतलेली नाही. लग्नाच्या आधीपासून रोज म्हटलेली माळ. म्हणून आधी त्याच वाक्याचं बघू.

यिर्मयाच्या सातव्या अध्यायात बायका कणीक मळून आकाशाच्या राणीसाठी पोळ्या भाजतात, ही गोष्ट खरी. पण ती एक परकी देवी होती आणि तो काळ मरियेच्या जन्माच्या सुमारे सहाशे वर्षं आधीचा. कॅथलिक लोक मरियेला स्वर्गाची राणी म्हणतात, हेही मी लपवत नाही. ख्रिस्त राजा, म्हणून त्याची आई राणी, एवढाच त्याचा अर्थ. शब्द जुळला म्हणून दोन व्यक्ती एक होत नाहीत.

आता जे सांगतो ते मेसेज लिहिणाऱ्याला माहीत असतं तर त्याने हा मुद्दा घातलाच नसता. चौथ्या शतकात अरबस्तानातल्या काही बायका खरोखरच मरियेच्या नावाने भाकरी अर्पण करू लागल्या होत्या, म्हणजे यिर्मयाने सांगितलं तसंच काहीसं. त्यावर सायप्रस बेटावरच्या सॅलॅमिसचे बिशप एपिफॅनियस यांनी सन ३७५च्या सुमारास खरमरीत लिहिलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: मरियेचा सन्मान व्हावा, पण आराधना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचीच व्हावी, मरियेची आराधना कोणी करू नये. हे एपिफॅनियस चर्चचे मान्यवर संत आहेत. ज्या पापाचा आरोप आज माझ्या आईवर होतोय, ते पाप तिच्याच चर्चने साडेसोळाशे वर्षांपूर्वी ओळखलं आणि नाकारलं.

तीच भूमिका आजही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर केलेल्या 'लुमेन जेन्शियुम' या दस्तऐवजाचं आठवं प्रकरण मरियेवर आहे. देव आणि माणसं यांच्यामधला मध्यस्थ एकच, तो म्हणजे ख्रिस्त, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मरियेबद्दल अतिशयोक्ती करू नका, अशी ताकीदही धर्मोपदेशकांना दिली आहे.

इथे एक गोष्ट मनाविरुद्ध का होईना, कबूल करतो. अतिशयोक्ती होते. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचं घर, मेणाचा पाय, मेणाचं बाळ वाहताना काही जण मरियेशी सौदा केल्यासारखे बोलतात: तू हे दे, मी ते देईन. नवस फिटला की पुढच्या संकटापर्यंत देवाची आठवण नाही. आपल्यातही असे लोक आहेत. त्यांना समजावणं हे आपलं काम आहे आणि ते आपण नीट करत नाही. पण म्हणून रोज संध्याकाळी दिवा लावून माळ म्हणणाऱ्या बाईला नरकाची भीती घालायचा अधिकार कोणाला मिळत नाही.

आणि ती माळेवर म्हणते तरी काय? 'नमो मरिया' प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला आहे. आधी गब्रीएल देवदूताचं अभिवादन, मग मरियेची नातेवाईक अलीशिबा हिचे शब्द. उत्तरार्धात मरियेला एकच विनंती आहे: आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या वेळी प्रार्थना कर. जिची आराधना करायची तिला कोणी 'आमच्यासाठी प्रार्थना कर' असं म्हणेल का? उपवासकाळात आई दुःखाची रहस्यं म्हणते, म्हणजे येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग मनात आणत माळ म्हणते. गेथशेमाने बाग, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, क्रुसावरचं मरण. पाचही रहस्यं येशूचीच आहेत. पप्पांच्या हातात आम्ही गुंडाळली होती ती याच रहस्यांची माळ, आणि तिच्या टोकाला क्रूस होता.

पुनरुक्तीचं म्हणाल तर मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूने निषेध केलाय तो पोकळ बडबडीचा. जास्त बोललं की देव ऐकेल, या समजुतीचा. गेथशेमाने बागेत त्याने स्वतः तेच शब्द पुन्हा उच्चारून तिसऱ्यांदा प्रार्थना केली, असं त्याच मत्तयने सव्विसाव्या अध्यायात लिहिलंय. स्तोत्र १३६ मध्ये एकच पालुपद सव्वीस वेळा येतं.

तम्मूजचा मुद्दा सगळ्यात निराधार, आणि तोच सगळ्यात विद्वत्तापूर्ण वाटतो. पुरावा म्हणून यहेज्केल ८:१४ दिलंय. मी आईला तो अध्याय उघडायला लावला. बायका तम्मूजसाठी रडत बसल्या आहेत, एवढंच तिथे आहे. चाळीस हा आकडा नाही, उपवास नाही. अध्यायाच्या पहिल्याच ओवीत तारीख दिली आहे: सहावा महिना, पाचवा दिवस. यहुदी पंचांगाचा सहावा महिना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो. तम्मूजच्या नावाचा महिना जून-जुलैत. उपवासकाळ येतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये.

मग चाळीस दिवस आले कुठून? अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाळकाने १८५३ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि १८५८ मध्ये ती वाढवून 'द टू बॅबिलॉन्स' हे पुस्तक केलं. कॅथलिकांचं सगळं काही बाबेलहून आलं, हे त्याचं म्हणणं. पुढे १९६६ मध्ये राल्फ वुड्रो या अमेरिकन प्रोटेस्टंट उपदेशकाने हिस्लॉपच्या आधारावर स्वतःचं पुस्तक लिहिलं आणि ते खूप खपलं. नंतर त्यांनी हिस्लॉपचे संदर्भ एकेक करून तपासले आणि ते टिकत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. वुड्रो यांनी आपलं खपणारं पुस्तक मागे घेतलं आणि १९९७ मध्ये ते मत खोडणारं नवं पुस्तक लिहिलं. कॅथलिक न होता. आमच्या घरच्या गटात आलेला मेसेज त्याच हिस्लॉपचा गाळ आहे, आणि तो पाठवणाऱ्यांना हिस्लॉपचं नावही ठाऊक नाही.

'उपवासकाळ' हा शब्द बायबलमध्ये नाही, हे मान्य. सुरुवातीला सगळीकडे चाळीस दिवस पाळत नव्हते, हेही मान्य. दुसऱ्या शतकाच्या शेवटी बिशप इरेनियस लिहितात की ईस्टरआधी कोणी एक दिवस उपास करतं, कोणी दोन, कोणी त्याहून जास्त. म्हणजे उपास कॉन्स्टंटाइनच्या शंभराहून अधिक वर्षं आधीपासून होता. सन ३२५ च्या नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेच्या पाचव्या नियमात 'चाळिशी'चा उल्लेख येतो तो सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणून. आणि चाळीस हा आकडा मोशे, एलिया आणि रानातला येशू यांचा आहे.

राखेबद्दल फार लिहीत नाही. उपास करताना तोंड धुवा, दाखवू नका, हे येशूचे शब्द राखेच्या बुधवारच्या मिस्सातच, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतच, वाचले जातात. चर्च ते लपवत नाही. मांसाचं म्हणाल तर १ तीमथ्य ४ मधला इशारा देवाने निर्माण केलेलं अन्न वाईट ठरवणाऱ्यांना आहे. आपण चांगली गोष्ट चांगली म्हणूनच काही काळ सोडतो. उपासाची सक्ती तर अठरा ते एकोणसाठ वयापर्यंतच आहे. आई चौऱ्याहत्तरची. तरी ती शुक्रवारी मासळीसुद्धा आणत नाही, डाळभात खाते आणि मासळीचे पैसे डब्यात टाकते. ईस्टरआधी तो डबा चर्चमध्ये गरिबांसाठी जातो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव मागतो तो उपास हाच: भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं.

हे सगळं मी तिला फोनवर तीन संध्याकाळी वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं. काल म्हणाली, "तू सांगतोस ते पटतं रे. पण रात्री पडले की ते वाक्य आठवतं." माळ अजून कपाटाच्या खणातच आहे.

ज्यांनी मेसेज टाकला त्यांना मी ओळखतो, ते मनाने वाईट नाहीत. पप्पांच्या पेटीला त्यांनीही खांदा दिला होता. दादा, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहितो. वुड्रो यांनी अख्खं पुस्तक मागे घेतलं, तुम्हाला एक मेसेज मागे घ्यायचा आहे. जिथे टाकलात त्याच गटात लिहा. आणि आईला फोन करा, शक्यतो संध्याकाळी सातच्या आत. ती माळ म्हणायची वेळ असते.