माळ्यावरची ट्यूब

२०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले (धोक्याची पातळी ४५). तेव्हापासून आमच्या माळ्यावर ट्रकची ट्यूब, नायलॉनचा दोर, कागदपत्रांचा घट्ट झाकणाचा डबा, शिट्टी असा सगळा सरंजाम आहे. दर मे महिन्यात खाली काढून ट्यूबमध्ये हवा भरून बघायची. आटपाडीचा मामा हसतो. "एवढा पसारा कशाला रं? पाणी आलं की निघायचं." मामा मेंढरं राखतो. काठी, घोंगडं, कुऱ्हाड, झालं. पावसानं दडी मारली की कळप घेऊन दुसरा मुलूख गाठायचा.

हे आठवलं ते शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या समाजांबद्दल वाचताना. वेंडेल ऑस्वाल्ट या मानववंशशास्त्रज्ञानं १९७६ साली त्यांच्या अन्न मिळवायच्या साधनांचे सुटे भाग मोजले. टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची साधनं ११, भाग १५. पूर्व ग्रीनलंडच्या अंगमाग्सालिक लोकांची साधनं ३३, भाग २०२!

लगेच कुणीतरी म्हणणार, म्हणजे ग्रीनलंडवाले जास्त हुशार. इथंच माझं डोकं फिरतं. अहो, सील श्वास घ्यायला क्षणभर वर येतो. भाला लागला तरी बुडी मारून पसार. म्हणून भाल्याचं टोक दांड्यातून सुटतं, कातडीखाली आडवं होऊन अडकतं, टोकाला चामड्याची दोरी आणि दोरीला सीलच्या कातड्याचा फुगवलेला फुगा. (आमची ट्यूबच की!) एवढं करूनही सील हुकला, तर तिथल्या हिवाळ्यात दुसरं खाणार काय? टास्मानियात कंद आणि शिंपले कुठं पळून जात नाहीत. टोकदार काठी पुरते.

संधी हुकल्यावर काय भोगावं लागतं, त्यावर हत्यार ठरतं, असं पुरातत्त्वज्ञ रॉबिन टॉरेन्स यांनी १९८० च्या दशकात मांडलं. २००५ मध्ये मार्क कोलार्ड आणि सहकाऱ्यांनी २० समाज तपासले, तेव्हाही या हुकण्याच्या जोखमीचंच पारडं जड निघालं. लोकसंख्या मोठी तशी हत्यारं गुंतागुंतीची, असं म्हणणारेही आहेत. पॅसिफिक बेटांवर ते दिसतंही.

माझी कुरबुर वेगळी आहे. भाग मोजले की लाकूड, हाड, दोरी तेवढी हाती लागते. कुठल्या गावात पाणी आहे, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, अडीनडीला कुणाचं दार वाजवायचं, हे मामाचं हत्यार कुठल्या रकान्यात लिहिणार?

२०२१ ला पाणी पुन्हा चढलं. ट्यूब माळ्यावरच राहिली. आम्ही आठ दिवस आटपाडीला मामाकडे होतो.