बर्मी रेस्टॉरंटची परीक्षा खाउ स्वेवर घेऊ नका

हल्ली जी आधुनिक, बिनधास्त वातावरणाची बर्मी फ्युजन रेस्टॉरंटं निघाली आहेत, त्यांच्याबद्दल बोलताना सगळे आधी खाउ स्वेचं विचारतात. "खाउ स्वे कसा होता?" नारळाचं दूध, नूडल्स, वरून तळलेला लसूण आणि लिंबू. एवढं सगळं एकत्र आल्यावर ते बरं लागणारच. त्यावरून स्वयंपाकघराची पारख होत नाही. पारख करायची तर लाफे तोक मागवा, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या पानांचं सॅलड. ते जमलं असेल तर पुढचं डोळे मिटून मागवावं, आणि फसलं असेल तर बाकीचं कितीही देखणं असो, माझं मन उडतं.

कारण या एका पदार्थात बर्मी जेवणाचा सगळा स्वभाव आहे. ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, शान राज्याच्या डोंगरांत, नामसानच्या बाजूला, पलाउंग लोक पिढ्यानपिढ्या चहा पिकवतात. कोवळी पानं वाफवायची, मळायची, घट्ट दाबून महिनोन्महिने आंबू द्यायची. मग ती तेलात कालवायची आणि त्यांत तळलेल्या डाळी, शेंगदाणे, तीळ, तळलेला लसूण, सोडे, टोमॅटो, हिरवी मिरची, लिंबू मिसळायचं. पान कडवट, तुरट आणि आंबट असतं, डाळी कुरकुरतात, तेल सगळ्यांना धरून ठेवतं. परीक्षेच्या दिवसांत तिथली मुलं जागं राहायला हेच खातात. पूर्वी वादाचा निवाडा झाला की दोन्ही पक्ष लाफे खायचे. खाल्लं म्हणजे निवाडा मान्य, असा अर्थ होता. रोगण दिलेल्या कप्प्याकप्प्यांच्या डब्यातून ते पाहुण्यापुढे येतं. इतका मान ज्या पदार्थाला आहे, तो मेन्यूत "स्टार्टर" म्हणून कोपऱ्यात टाकलेला बघून मला वाईट वाटतं.

परवा अशाच एका ठिकाणी जेवलो. लाकडी टेबलं, खाली लोंबणारे दिवे, वेताच्या टोपल्या, हसतमुख मुलं वाढायला. सॅलड आलं ते सुंदर रचलेलं होतं. प्रत्येक जिन्नसाची वेगळी ढिगोळी आणि मधे चहाच्या पानांचा गोळा. वाढणाऱ्या मुलाने समोरच लिंबू पिळून सगळं एकत्र केलं. बर्मी घरांत हे काम हाताने होतं. बोटांनी कालवल्याशिवाय तेल आणि आंबटपणा सगळीकडे पोचत नाही, आणि दोन चमच्यांनी ते अर्धंच साधतं. पण खरी अडचण पुढे होती. पानं चमचाभर आणि कोबी भाराभर, त्यावर गोडसर ड्रेसिंग. कडवटपणा शोधावा लागत होता. ज्या चवीसाठी हा पदार्थ आहे तीच चव गिऱ्हाइकाला झेपणार नाही असं आधीच ठरवून टाकलं होतं. मला हे गिऱ्हाइकाला कमी लेखणं वाटतं. कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्या माणसांना थोडा कडवटपणा सहज झेपतो.

यावरून मी फ्युजनच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. बर्मी जेवणच मुळात सरमिसळीतून झालं आहे. चीनकडून नूडल्स आल्या. भारतातून समोसा, पराठा, बिर्याणी गेली आणि तिथे समूसा, पलाता, डानपाउक झाली. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता, आणि १९३१ च्या जनगणनेत रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक माणसं भारतीय होती. आपल्या मराठी मनात ब्रह्मदेश येतो तो मंडालेच्या तुरुंगातले टिळक आणि रत्नागिरीत नजरकैदेत गेलेला थिबा राजा यांच्यामुळे. दोन्ही आठवणी बंदिवासाच्या. त्या देशात लोक काय खातात, हे आपण कधी विचारलंच नाही. १९६२ च्या लष्करी उठावानंतर दुकानं, धंदे सरकारने ताब्यात घेतले आणि लाखो भारतीयांना तिथून निघावं लागलं. त्यांतल्या तमिळ कुटुंबांनी सोबत आणलेला अथो, म्हणजे नूडल्सचं सॅलड, आजही चेन्नईच्या रस्त्यावर मिळतो. बर्मी जेवण भारतात रेस्टॉरंटवाल्यांच्या कितीतरी आधी निर्वासितांनी आणलं, हे त्या झगमगाटात कुठेतरी सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

समूसा तोकच बघा. समोसे कापायचे, वर हरभरे, कोबी, कांदा, पुदिना, चिंच, आणि वाडग्यात डाळीचं पातळ सार ओतून द्यायचं. भारतातून गेलेल्या पदार्थाचं बर्मी लोकांनी सॅलड करून टाकलं! ज्यांनी हे केलं त्यांच्या स्वयंपाकात उद्या कुणी चहाची पानं टाकोत भरली तर मी कशाला रागावू? माझी अट एवढीच की त्यात आंबट, कडू, कुरकुरीत आणि तेलकट हे चारही असावेत. त्या दिवशी त्याच ठिकाणी खाल्लेल्या टाकोत ते होते. शेफने लसणाचं तेल सढळ हाताने घातलं होतं आणि डाळी शेवटच्या क्षणी पेरल्या होत्या. सॅलडमध्ये जे हरवलं होतं ते टाकोत सापडलं, म्हणजे त्या स्वयंपाकघराला येतं सगळं, फक्त धीर कमी पडतो.

शान टोफूही उत्तम होता. हा सोयाबीनचा टोफू नव्हे. हरभऱ्याचं किंवा पिवळ्या वाटाण्याचं पीठ हळद घालून शिजवतात, ताटात ओतून गार करतात, मग त्याचे तुकडे कापून तळतात. बाहेरून कडक, आत लुसलुशीत, सोबत चिंचेची झणझणीत चटणी. मेन्यूत त्याला "फ्राइज" म्हटलं होतं, तर म्हणू देत. शान लोक स्वतःच तो तळून खातात, त्यामुळे इथे नवेपणा फक्त ताटलीचा होता.

मोहिंग्याचं मात्र नुकसान झालं. मोहिंगा हा तिथला सकाळचा नाश्ता. मागूर माशाचा रस्सा, त्यात आलं, लसूण, हळद, गवती चहा, केळीच्या खोडाचा गाभा, आणि दाटपणासाठी भाजलेल्या तांदळाचं किंवा डाळीचं पीठ. त्यात तांदळाच्या शेवया, उकडलेलं अंडं, डाळीची भजी. तो गढूळ दिसायलाच हवा, दाटपणा तिथूनच येतो. इथे गाळून गाळून पारदर्शक केलेला रस्सा आला, आणि खोडाचा पत्ताच नव्हता. नितळ दिसण्यासाठी त्यातला जीव काढून घेतला होता.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते, ती वाढण्याच्या क्रमाची. बर्मी जेवणात भात मधे असतो आणि सार, भाज्या, माशांचे प्रकार, न्गापी म्हणजे आंबवलेल्या माशांची चटणी, सगळं एकाच वेळी पुढे येतं. आंबट सार शेवटी किंवा सुरुवातीला पीत नाहीत, जेवताना अधूनमधून घोट घेतात. तेल सुटेपर्यंत शिजवलेली करी जड असते, त्या साराने तोंड मोकळं होतं. आधी सूप, मग स्टार्टर, मग मेन कोर्स अशी रांग लावली की ही सगळी मांडणी मोडते. आम्ही सार आणि करी एकदमच आणायला सांगितलं, आणि तीच करी निराळी लागली.

शाकाहारी मित्र विचारतात, आमच्यासाठी काय? भरपूर आहे. शान भागात सोयाबीन आंबवून, त्याच्या चकत्या वाळवून ठेवतात. न्गापीसारखा खोल खारटपणा त्यातून येतो. ही चकती भाजून कुटून घातली की शाकाहारी सॅलड पोकळ लागत नाही. बहुतेक ठिकाणी तिच्याऐवजी सोया सॉस ओतून मोकळे होतात. शेफमंडळींना माझी विनंती आहे की ही चकती मिळवा. शाकाहारी बर्मी जेवण तिच्यामुळे स्वतःच्या पायावर उभं राहतं.

सजावटीत चहाच्या दुकानाची छबी सगळीकडे वापरतात, बुटकी स्टुलं आणि केटल्या. ती दुकानं फक्त गोंडस नव्हती. मार्च १९८८ मध्ये रंगूनच्या एका चहाच्या दुकानात कोणती गाणी लावायची यावरून भांडण झालं, दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीने एक विद्यार्थी गेला, आणि ऑगस्टपर्यंत सगळा देश लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर होता. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथे पुन्हा युद्ध पेटलं आहे, आणि मार्च २०२५ च्या भूकंपाने मंडाले, सागाइंग उद्ध्वस्त झालं. भिंतीवर पॅगोडाची चित्रं लावता, तर मेन्यूच्या शेवटी चहाची पानं कुठल्या डोंगरातून आली एवढी एक ओळ लिहा. मी विचारलं तेव्हा वाढणाऱ्या मुलाने आत जाऊन शेफला विचारून आणलं, "शान." त्याला स्वतःलाच ते ऐकून आनंद झाला होता.

चौघं जाणार असाल तर लाफे तोक दोन मागवा आणि पानं जास्त घालायला सांगा. समूसा तोक एक, शान टोफू एक. भाताबरोबर एकच करी आणि आंबट सार, दोन्ही एकदम. अंबाडीचा पाला आणि बांबूचे कोंब परतून केलेली भाजी मेन्यूत दिसली तर ती सोडू नका, तिच्या नावापुढे फोटो नसतो म्हणून कुणी मागवत नाही. पोटात जागा उरली तरच खाउ स्वे.