भाडेकरू तुमचं कर्ज फेडत नाही

घर भाड्याने देऊन पैसे कमावण्याबद्दलचा एक दावा सतत पुढे पाठवला जातो. त्याचं सार असं: थोडं डाउन पेमेंट भरा, बाकीचं कर्ज काढा, घर भाड्याने द्या. भाड्यातून हप्ता जाईल आणि वर दर महिन्याला काही उरेल. कर्ज जितकं जास्त, तितका तुमच्या पैशावरचा परतावा जास्त. भाडं वाढत जाईल, हप्ता तेवढाच राहील, आणि शेवटी भाडेकरूच्या पैशातून घर तुमचं होईल. फसलंच, तर विकून टाका. हे वाचून माणसं आयुष्यभराची बचत एका घरात घालतात, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘भाड्यातून हप्ता जातो आणि वर उरतं’ हा दाव्याचा कणा. घराची किंमत 100 धरू. स्वतःचे 20, कर्ज 80, व्याज 7 टक्के, मुदत 20 वर्षं. वर्षाचे हप्ते होतात साधारण 7.44. भाडं वर्षाला किमतीच्या 9 टक्के मिळतं असं मानू. हा आकडा मी मुद्दाम सढळ हाताने धरला आहे, कारण अनेक मोठ्या शहरांत याच्या निम्मंही मिळत नाही. दाव्याच्या गणिताने 1.56 उरले.

आता वर्षातला एक महिना घर रिकामं राहिलं. 0.75 गेले. मालमत्ता कर, विमा, देखभाल, डागडुजी, दलाली आणि मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम, सगळं मिळून भाड्याचा चौथा हिस्सा धरला. 2.25 गेले. हातात राहिले 6 आणि हप्ता 7.44. म्हणजे दरवर्षी 1.44 आपल्या पगारातून घालायचे. आणि हा खर्च काही फुगवलेला नाही. अमेरिकेत अशा घरांत पैसे गुंतवणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे की, हप्ता सोडून बाकीचा खर्च भाड्याच्या निम्मा धरावा. मी रिकामा महिना धरूनही एक तृतीयांशच धरला आहे.

सरासरीही इथे फसवी असते. ज्याच्याकडे पन्नास घरं आहेत त्याची चार रिकामी राहिली तर उत्पन्न थोडं घटतं. ज्याच्याकडे एकच आहे त्याचं भाडं एकतर पूर्ण येतं, नाहीतर शून्य. दुरुस्तीचंही तसंच. तीन वर्षं काहीच निघत नाही आणि मग गळती, पाइप, वायरिंग असं एकदमच निघतं. त्या तीन वर्षांत उरलेला पैसा नफा समजून खर्च केला असेल, तर चौथ्या वर्षी त्यासाठी कर्ज काढावं लागतं.

‘कर्ज जितकं जास्त, तितका परतावा जास्त’ हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. वरच्याच उदाहरणात घराचं निव्वळ उत्पन्न किमतीच्या 6 टक्के आहे. कर्जाचा वर्षाचा हप्ता मात्र कर्जाच्या 9.3 टक्के. 6 कमावणाऱ्या वस्तूसाठी 9.3 देऊन पैसा आणला, तर प्रत्येक जादा रुपयागणिक हातातली रोख घटते. पूर्ण किंमत स्वतः भरली तर वर्षाला 6 मिळतात. कर्ज 50 घेतलं तर हातात साधारण 1.35 उरतात, म्हणजे स्वतःच्या 50 वर 2.7 टक्के. कर्ज 64-65 च्या वर गेलं की खिशातून भरणं सुरू. कर्जाने परतावा खरंच वाढू शकतो, पण तो किमती चढल्या तर, आणि विकताना हातात येतो. महिन्याच्या उत्पन्नाचं आमिष दाखवून घर घ्यायला लावायचं आणि हिशेब जमला नाही की भाववाढीकडे बोट दाखवायचं, हे मला पटत नाही. या दोन वेगळ्या गुंतवणुकी आहेत. कोणती करतोय हे आधी ठरवायला हवं.

‘भाडेकरू तुमचं कर्ज फेडतो.’ कर्जाच्या कागदावर सही तुमची असते. घर रिकामं असो, भाडं थकलेलं असो, हप्त्याची तारीख हलत नाही. शिवाय पहिल्या वर्षाच्या 7.44 पैकी सुमारे 5.54 व्याज असतं, आणि दहा वर्षं उलटेपर्यंत प्रत्येक हप्त्यात मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. मुद्दल फिटतं ती तुमची खरी कमाई आहे, हे मान्य. पण ती भिंतींत अडकलेली असते. तिच्यातून घरखर्च चालत नाही.

‘भाडं वाढतं, हप्ता तेवढाच राहतो.’ व्याजदर पूर्ण मुदतीसाठी बांधलेला असेल तरच. बँक ऑफ इंग्लंड या ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला 0.1 टक्के होता, ऑगस्ट 2023 मध्ये 5.25 टक्के झाला. ज्यांचं कर्ज तरत्या, म्हणजे बदलत राहणाऱ्या दराचं होतं किंवा ज्यांची ठरीव दराची मुदत त्या काळात संपली, त्यांचा हप्ता वाढला. भाडंही मालकाच्या मर्जीने वाढत नाही. बर्लिनमध्ये फेब्रुवारी 2020 मध्ये बहुतेक घरांची भाडी कायद्याने गोठवली गेली. 2021 मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला, पण मधल्या काळात हिशेब भाडेवाढीवर बांधलेल्यांचं काय झालं असेल? करही बदलतात. ब्रिटनमध्ये 2017 ते 2020 या काळात घरमालकांना कर्जाच्या व्याजावर मिळणारी करसवलत टप्प्याटप्प्याने कमी झाली.

बसल्या जागी उत्पन्न, असंही या दाव्यासोबत सांगतात. भाडेकरू पारखणं, करार, तक्रारी, दुरुस्तीला माणूस शोधणं, ही सगळी कामं आहेत. दुसऱ्याकडे सोपवली तर त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि ते वरच्या हिशेबात मी धरलेलेच नाहीत. मालकाकडे उसंत नसते तेव्हा भोगतो भाडेकरू. ओल आलेली भिंत तशीच राहते, बिघडलेला गीझर महिनाभर दुरुस्त होत नाही. त्या घरात कुणीतरी राहत असतं, ही गोष्ट या सगळ्या मजकुरात कुठेच येत नाही.

राहिलं ‘फसलंच, तर विकून टाका.’ अमेरिकेत 2006 ते 2012 या काळात घरांच्या किमती देशभराच्या सरासरीत चतुर्थांशाहून जास्त घसरल्या. आपल्या उदाहरणात स्वतःचे 20 होते. 100 चं घर 75 ला विकलं तर पहिल्या वर्षांत कर्जही पुरतं फिटत नाही, आणि विक्रीचा खर्च वेगळाच. पडत्या बाजारात तग धरून राहायचं, तर रिकाम्या घराचे हप्ते भरायला रोख लागते. ती रोख बहुतेकांनी आधीच डाउन पेमेंटमध्ये घातलेली असते.